छप्पर कोणी उघडं टाकलं

धाकटी येणार हे कळल्यावर ठेकेदाराने सकाळीच आपली व्हॅन आईच्या पोर्चच्या तोंडाशी आडवी लावून ठेवली. बाबांची गाडी तिला बाहेर काढता येऊ नये, एवढाच हेतू. कोणी विचारलं असतं तर सामान उतरवायला सोपं पडतं असं सांगायचं त्याने ठरवलं होतं, पण कोणी विचारलंच नाही. धाकटी आली, तिने व्हॅनकडे एकदा पाहिलं, भिंत आणि बंपर यांच्यामधून अंग चोरून आत शिरली आणि हातातली पिशवी बाबांच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवली.

"पिशवी खाली ठेव. रंग जाईल," तो म्हणाला.

"गेलेलाच आहे," ती म्हणाली.

बाबा गेल्यानंतर बहीणभावात झालेलं हे पहिलं बोलणं.

आई दाराशी खुर्चीत बसली होती. मांडीवर जुना स्वेटर होता, तो ती उसवत होती आणि लोकरीचा गुंडा करत होती. तिचे डोळे आता फारसे कामाचे राहिले नव्हते. समोर माणूस आला तर आकार कळायचा, चेहरा कळायचा नाही. हात मात्र अजून तल्लख होते. मान वर न करता तिने बजावलं, की भांडायचं असेल तर रस्त्यावर जा, इथे आवाज घुमतो.

गाडी कागदोपत्री आईच्या नावावर होती आणि ती थोरल्याच्या, म्हणजे ठेकेदाराच्या नावावर करायचं आईने ठरवलं होतं. फक्त सह्या व्हायच्या राहिल्या होत्या. धाकटीला हे कळलं तेव्हा तिने फोन केला, पण गाडी मागितली नाही. एक सकाळ मागितली. गाडीच्या छपरात पाणी जायच्या नळ्या असतात, त्या मला तुझ्यासमोर साफ करू दे, म्हणाली. मग कोणाला काय द्यायचं ते दे. मात्र त्या नळ्या तुंबलेल्या निघाल्या, तर एक वाक्य तुला बोलावं लागेल. कोणतं वाक्य, हे आईने विचारलं नाही. ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रकरण जुनं होतं. बाबांनी ही गाडी घेतली तेव्हा गल्लीत दुसऱ्या कोणाच्या गाडीच्या छताला काच नव्हती. बटण दाबलं की ती काच हळूच मागे सरकायची आणि डोक्यावर आभाळ यायचं. बाबा गल्लीच्या तोंडाशीच छप्पर उघडायचे, म्हणजे घरापर्यंत सगळ्यांना दिसावं. अशा त्या गाडीला एके दिवशी धाकटीने हात लावला. दिवसभर फिरवली, संध्याकाळी आणली. पोर्चमध्ये ठेकेदाराची व्हॅन उभी होती म्हणून तिने ती बाहेर उतारावर लावली. त्या रात्री मुसळधार पाऊस झाला. सकाळी पाहिलं तर पुढच्या सीटखाली घोटाभर पाणी, गालिच्याखालची विजेची पेटी जळालेली आणि गाडी मुकी.

शेवटी कोणी चालवली, असं बाबांनी विचारलं. धाकटीने. मी छप्पर लावलं होतं, ती म्हणाली. आणि सकाळी छप्पर लावलेलंच होतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. बाबा जरा घुटमळले. तेव्हा ठेकेदार बोलला. "पहाटे उठून गुपचूप लावलं असेल," तो म्हणाला.

तेवढंच. पण पाण्याचा विषय निघाला की घरात शब्द त्याचाच. बाबांना ते पटलं. छप्पर उघडं टाकलं असतं तर ती वेंधळी ठरली असती. आता खोटारडी ठरली. बाबांनी तिच्याकडची किल्ली काढून घेतली, ती शेवटपर्यंत परत दिली नाही. पुढे ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला लागली तेव्हा बाबांनी कौतुकाचा एक शब्द काढला नाही, फक्त विचारलं, छप्पर लावायलाही शिकवतेस का. नातेवाईक हसले. ठेकेदारही हसला होता, आणि चांगला मोठ्याने. त्यानंतर ती या घरी आली ती पाहुण्यासारखी, खुर्चीच्या कडेवर बसून परत जाणारी.

गाडी दुरुस्त झाली, पण कोरडी कधी झाली नाही. पाऊस पडला की गालिचा ओला आणि आत ओल्या पोत्यासारखा वास. एकदा भिजली ती भिजली, असं म्हणून बाबांनी तो वासही धाकटीच्याच खात्यावर टाकला.

ठेकेदाराचा इलाज तयार होता. त्याचा धंदाच पाणी अडवण्याचा. गच्च्या, टाक्या, न्हाणीघरं, तळघरं. जिथे पाणी शिरत असे तिथे त्याला बोलावणं येई. घरातही त्याला आता ठेकेदारच म्हणत, बाबांनीच ते सुरू केलं होतं. छताच्या काचेभोवती सिलिकॉनची एक जाड रेघ मारायची, काच कायमची बसवून टाकायची, विषय संपला. तो सिलिकॉनची गन आणि दोन नळकांडी घेऊनच आला होता. छप्पर उघडायचं कशाला, आभाळ बघायचं असेल तर गच्चीवर जावं.

धाकटीने पिशवीतून सामान काढून एका कापडावर मांडलं: गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी, एक मोठी सिरिंज, चोचीचं पाण्याचं भांडं, टॉर्च, जुने फडके. दोरीचं टोक तिने आधीच काडीने वितळवून गोल केलं होतं, आत नळीला भोक पडू नये म्हणून. हे सगळं तिला ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या बघणाऱ्या मिस्त्रीने सांगितलं होतं. मिस्त्री म्हणाला होता, की ही काच पाणी अडवायला बसवलेलीच नसते. कडेने पाणी आत येणारच. ते काचेखालच्या पन्हळीत पडतं, पन्हळीच्या चार कोपऱ्यांना चार भोकं असतात, त्यातून बारीक नळ्या गाडीच्या खांबांमधून खाली जातात आणि पाणी बाहेर सोडतात. नळ्या तुंबल्या की पन्हळ भरते आणि पाणी आत सांडतं. छप्पर लावलेलं असलं तरी.

शेवटचे शब्द तिने आईच्या दिशेने तोंड करून म्हटले. आईचा गुंडा फिरत राहिला.

"म्हणजे पाणी आधी घरात घ्यायचं," ठेकेदार म्हणाला, "मग मागच्या दाराने सोडायचं. तुझ्या मिस्त्रीला म्हणावं, माझ्याकडे कामाला ये. अशा डोक्याची माणसं मी गच्चीवरून खाली ढकलतो."

धाकटीने किल्लीसाठी हात पुढे केला. किल्ली ठेकेदाराकडे होती. त्याने ती तिच्या हातात दिली नाही. स्वतः गाडीत बसून छप्पर उघडलं आणि किल्ली परत खिशात घातली.

काच कुरकुरत मागे सरकली. पन्हळीत काळा, दाट गाळ बसला होता. कुजलेली पानं, धूळ, मेलेल्या माश्या. धाकटी गाडीच्या दाराच्या उंबऱ्यावर चढून फडक्याने तो काढू लागली आणि निघालेला प्रत्येक गोळा तिने बादलीत टाकायच्या ऐवजी खाली जमिनीवर टाकला. ठेकेदाराचं तिकडे लक्ष गेलं. पोर्चची ती जमीन त्याने स्वतः केलेली होती. राखाडी रंगाचा चकचकीत लेप, सांधा म्हणून कुठे दिसत नव्हता. नवीन गिऱ्हाईक आणलं की तो आधी ही जमीन दाखवायचा. त्याने कागद आणून गाडीखाली पसरला. तिने पुढचा गोळा कागदाच्या बाहेर टाकला.

पन्हळ स्वच्छ झाल्यावर तिने पुढच्या डाव्या कोपऱ्यात भांड्यातून पाणी ओतलं. पाणी जागचं हललं नाही.

"तुंबलीय," ती म्हणाली. "आई, पाणी तसंच उभं आहे."

"उभं असेल," ठेकेदार म्हणाला. "म्हणून त्या दिवशी तुंबली होती असं कुठे होतं? आजचा कचरा आजचा."

हा मुद्दा बिनतोड होता आणि तिलाही तो कळला. तिच्या मानेवर लाली चढली. ठेकेदाराला बरं वाटलं. त्याने व्हॅनमधून छोटा कॉम्प्रेसर उतरवला आणि म्हणाला की ही दोरीबिरीची भातुकली पुरे, हवेचा एक झोत मारला की नळी मोकळी. मग सिलिकॉन मारून मी मोकळा. धाकटी खाली उतरली आणि कॉम्प्रेसरच्या पाइपवर पाय देऊन उभी राहिली. मिस्त्रीने हवेला सक्त मनाई केली होती. जुनी रबरी नळी खांबाच्या आत सांध्यातून निसटली तर अख्खी गाडी उसकटावी लागते. ठेकेदाराने पाइप ओढून पाहिला. ती हलली नाही. असंच ती लहानपणीही करायची, त्याच्या पतंगाच्या मांज्यावर पाय देऊन उभी राहायची, आणि त्याला तेव्हाही तिला ढकलून द्यावंसं वाटायचं.

"ठेकेदार," आई म्हणाली, "तिची सकाळ आहे. तिला करू दे."

त्याने पाइप सोडला.

धाकटीने डाव्या कोपऱ्यातल्या भोकात दोरी सरकवायला सुरुवात केली. दोन बोटांनी धरून, फिरवत फिरवत, जराही जोर न लावता. शिकाऊ माणसाला क्लच शिकवणाऱ्या बाईचा हात होता तो. दोरी जात राहिली, पुढच्या काचेच्या कडेने खांबात उतरली, आणि जवळजवळ सगळी आत गेल्यावर थांबली. तिने वरूनच सांगितलं, की अगदी तळाशी अडलंय. पुढचं दार उघड, बिजागरीच्या खाली रबरी तोंड असेल, टॉर्च मारून बघ. 'दादा' म्हणाली नाही, 'प्लीज' म्हणाली नाही. पोराटोरांना हुकूम सोडावा तसं म्हणाली.

ठेकेदार गुडघ्यावर बसला. दार उघडलं. बिजागरीच्या मागे हात घालून टॉर्च धरला.

रबरी तोंड दिसलं. ते बंद होतं. बोटाच्या पेराएवढी सिलिकॉनची राखाडी गुडदी बुचासारखी त्यात बसवलेली होती, कडेला कुठे फट नव्हती, जास्तीचा मसाला पुसून घेतलेला होता. पहिला विचार त्याच्या मनात आला तो असा, की ज्याने हे केलंय त्याला काम येतं.

मग त्याला कंगोरा दिसला.

तरुणपणी पत्र्याने त्याचा उजवा अंगठा उभा चिरला होता. टाके धड बसले नाहीत आणि अंगठ्याच्या मधोमध एक खाच कायमची राहिली. सिलिकॉनची रेघ मारली की बाकीचे लोक प्लास्टिकची पट्टी फिरवतात. ठेकेदार ओला अंगठा फिरवायचा. त्यामुळे त्याच्या प्रत्येक रेघेवर मधून एक बारीक कंगोरा उमटे. ही माझी सही, असं तो गिऱ्हाइकांना सांगे. कुठलंही न्हाणीघर उघडा, कंगोरा दिसला तर काम माझं, आणि माझं असेल तर गळणार नाही. या घरात तो कंगोरा खिडक्यांना होता, सिंकला होता, न्हाणीच्या उंबऱ्याला होता. आणि इथे होता.

आता त्याला सगळं आठवलं, अगदी त्या वेळच्या उन्हासकट. पोर्चच्या जमिनीचं काम नुकतंच झालं होतं. बाबा बाहेर जाऊन आले होते, वाटेत पावसाची एक सर लागली होती, आणि पोर्चमध्ये लावलेल्या गाडीच्या दोन्ही दारांखालून पाणी ठिबकत होतं. नव्याकोऱ्या लेपावर दोन तपकिरी डाग. तो चिडला होता. त्याने दार उघडून पाणी कुठून येतं ते शोधलं होतं, आणि जिथून येत होतं तिथे, हातात गन होतीच, दोन्हीकडे बोट-बोट मसाला भरून अंगठा फिरवला होता. बाबांना दाखवलं होतं. बाबा म्हणाले होते, शाबास, ठेकेदार. ते नाव तेव्हापासूनचं. धाकटीने गाडी नेली ती त्यानंतर थोड्याच दिवसांनी.

"काय आहे?" धाकटीने वरून विचारलं.

"बघतोय."

त्याने खिशातून ब्लेड काढलं. कडेने ब्लेड फिरवलं, गुडदी दोन बोटांत धरून ओढली, ती अख्खी बाहेर आली. मागोमाग दोरीचं गोल टोक बाहेर आलं आणि मग काळंभोर पाणी. ते त्याच्या मनगटावरून वाहत जमिनीवर पडलं. गुडदी त्याने पँटच्या खिशात टाकली, किल्लीच्या शेजारी.

"काय होतं?"

"चिखल."

"चिखल असा एका झटक्यात सुटत नाही. झिरपत सुटतो."

"मग तुझ्या मिस्त्रीला विचार कसा सुटतो ते."

ठेकेदार उठला, पँट झटकली आणि त्याच दमात म्हणाला की उजवीकडचं मीच बघतो, तू वर दोरी धर, नाहीतर आत जाऊन हात धू, किती घाण झालेत. एरवी तिने ऐकलंही असतं. पण तो तिच्या हातांची काळजी करत होता, आणि तिच्या आठवणीत त्याने कधी असली काळजी केली नव्हती. ती उंबऱ्यावरून उतरली, गाडीला वळसा घालून उजवीकडे गेली आणि दार उघडून खाली बसली. तो बॉनेटच्या पुढून घाईने आला, पण पुढे त्याचीच व्हॅन आडवी होती. व्हॅन आणि गाडीचा बंपर यांच्यामध्ये त्याचं पोट अडकलं. तो सुटून पलीकडे पोचेपर्यंत तिचा टॉर्च बिजागरीच्या मागे स्थिर झालेला होता.

वर न पाहता तिने हात मागे केला.

"ब्लेड दे."

"मी काढतो."

"ब्लेड दे, दादा."

त्याने दिलं. नाही दिलं असतं तर ती नखाने काढत बसली असती, आणि ते बघवलं नसतं. तिने गुडदी कापून काढली. उजवीकडचं काळं पाणीही मोकळं झालं आणि तिच्या बुटांवरून वाहत गेलं. तिने पाय मागे घेतले नाहीत. उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा रागावलेला नव्हता. हिशेब जुळल्यावर माणूस दिसतो तसा होता, आणि ठेकेदाराला ते जास्त झोंबलं.

"डावीकडची खिशात आहे ना?" ती म्हणाली. "राहू दे. एक पुरे."

तो म्हणाला की ऐक, तेव्हा कोणाला काय माहीत होतं. ती थांबली नाही. आईपाशी गेली, आईचा हात लोकरीतून सोडवून घेतला आणि गुडदी तळहातावर ठेवली. काय आहे, कुठे सापडलं, एक अक्षर बोलली नाही.

आईने ती आधी हुंगली. मग अंगठा फिरवला. अंगठा मधे अडला, मागे आला, पुन्हा गेला. रोज सकाळी सिंक पुसताना तिचा हात ज्या रेघेवरून जात होता, ती रेघ.

"हे तर ह्याचं काम आहे," आई म्हणाली. "सिंकच्या कडेचं असतं तसं. कुठे होतं?"

"त्याला विचार."

ठेकेदार बोलू लागला. पाणी ठिबकत होतं, जमीन नवीन होती, डाग पडत होते, कोणीही तेच केलं असतं. बाबांना तेव्हाच दाखवलंही होतं, आणि बाबांनीच शाबास म्हटलं होतं. तो जितकं बोलत गेला तितकं ते त्यालाच एखाद्या गिऱ्हाइकाला काम बिघडल्यावर सांगावं तसं वाटू लागलं. असली भाषणं तो इतरांकडून ऐकायचा. आईने मधे तोडलं नाही. तो दमेपर्यंत ती अंगठा फिरवत राहिली.

"बरं," ती म्हणाली. "बुजवलंस ते बुजवलंस. गळतंय दिसलं की तुझा हात थांबत नाही, लहानपणापासूनचं आहे. आणि ते पहाटे उठून गुपचूप लावल्याचं? ते तुला कोणी सांगितलं होतं?"

पोर्चमध्ये खरंच आवाज घुमत होता. ते ठेकेदाराला कोणीच सांगितलं नव्हतं. सुचलं होतं. सगळे त्याच्याकडे बघत होते, उत्तर द्यायचं होतं, आणि ते तयार होतं. काचेतून पाणी शिरत नाही, मग उघडं असणार. उघडं होतं तर लावलं असणार. जागा सापडली की भरायची.

"तसंच वाटलं होतं," तो म्हणाला.

आईने मान धाकटीच्या आकाराकडे वळवली. "छप्पर तू लावलं होतंस," ती म्हणाली. रोजच्याच आवाजात, फोन नंबर वाचून दाखवावा तशी. धाकटी एवढी वर्षं जे मागत होती ते एवढंसंच होतं.

धाकटी रडली नाही की आईच्या गळ्यात पडली नाही. "बाबा असताना म्हणायला हवं होतंस," ती म्हणाली. "मी तेव्हाही तेच सांगत होते."

"तेव्हा मलाही त्याचंच पटलं होतं."

"ठाऊक आहे."

"मग झालं तर," आई म्हणाली, आणि तुटलेला धागा शोधू लागली. जरा वेळाने तिने ठेकेदारापुढे हात केला. त्याला आधी वाटलं गुडदी परत देतेय. पण हात रिकामा होता. त्याने खिशात हात घातला. किल्लीबरोबर डावीकडची गुडदीही बाहेर आली, तिला चिकटून. त्याने ती सोडवून किल्ली आईच्या हातात दिली. आईने किल्ली स्वेटरच्या उसवलेल्या बाहीत ठेवली.

धाकटीने बाहीकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

"मागच्या दोन नळ्या राहिल्यात ना?" आई म्हणाली. "आधी त्या होऊ देत. मग घेऊन जा. कागदांचं नंतर बघू. आणि तू ती व्हॅन काढ. माझ्या दारात गाड्या आडव्या लावायच्या नाहीत."

ठेकेदार व्हॅन काढायला गेला. रस्त्यावर तशीच पुढे घेऊन निघून जावं असं त्याच्या मनात आलं होतं. चाक वळवलंसुद्धा होतं. पण कॉम्प्रेसर पोर्चमध्ये होता, गन होती, आणि तसं गेलं असतं तर ते पळून जाणं दिसलं असतं. त्याने व्हॅन कडेला लावली आणि परत आला. धाकटी छपराच्या मागच्या कोपऱ्याशी पोचली होती. तिने त्याच्याकडे न बघता सांगितलं, की मागच्या नळ्यांची तोंडं चाकाच्या मागे आत आहेत, उभ्याने दिसणार नाहीत, आडवं व्हावं लागेल.

"तू हो आडवी."

"मग वरून पाणी तू ओत. मोजून, सावकाश. जमेल?"

नसतं जमलं. त्याने कागद ओढला, पाठीवर झोपला आणि मागच्या चाकाशी डोकं घातलं. खालून त्याला बाबांची गाडी कधी दिसली नव्हती. गंज, चिखलाचे पापुद्रे आणि त्यात एक रबरी तोंड. इथे त्याचा हात कधी पोचला नव्हता. ते आपलं आपणच तुंबलं होतं, पानं आणि धुळीने, पुढच्या दोन नळ्यांचं पाणीही याच वाटेला आल्यामुळे. त्याने बोटाने टोकाचा गाळ खरवडून काढला. वरून दोरी आली, वळवळली, मागे गेली. मग सिरिंजने मारलेला पाण्याचा झोत, थोडं गढूळ, पुन्हा दोरी. दोघं कामापुरतं बोलत होते. आली. गेली. अजून. थांब.

"ओतते," धाकटी म्हणाली.

पाणी आलं. आधी थेंब, मग धार. त्याच्या कानाशेजारी पडलं आणि कागद चुकवून सरळ जमिनीवर गेलं. मान वळवल्यावर त्याला ते दिसत होतं: चकचकीत राखाडी लेपावरून एक तपकिरी ओघळ, सावकाश, रुंद होत, आईच्या खुर्चीच्या दिशेने. जमीन त्याला वाटत होती तितकी सपाट नव्हती. आणि धार थांबत नव्हती. वर पन्हळ भरलेली असणार, धाकटी ओततच असणार. इतकं पाणी, त्याच्या जमिनीवर, त्याच्या डोळ्यांसमोर, आणि गन हाताच्या अंतरावर पडलेली.

त्याने गनला हात लावला नाही.

वर धाकटी भांडं हातात धरून वाकून बघत होती. पन्हळीतलं पाणी उतरत होतं ते थांबलं. तिने अजून जरा ओतलं. पाणी चढलं, कोपऱ्याशी उभं राहिलं, हललं नाही. तिने भांडं छपरावर ठेवलं आणि थोडा वेळ वाट पाहिली.

"दादा," ती म्हणाली, "अंगठा काढ."